‘पैसे घेतले, चेहरा होता तसाच’ या रिव्ह्यूला क्लिनिकचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक ताऱ्याचा रिव्ह्यू परवा रात्री ओपीडी संपल्यावर वाचला. काल पुन्हा वाचला, आणि मग रिसेप्शनवरच्या दोघींना समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवला. आमचं ऑनलाइनचं काम बघणाऱ्या मुलाने ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद, कृपया संपर्क साधावा’ असं उत्तर तयार ठेवलं होतं. ते पुसून मी हे लिहितेय. क्लिनिक माझं आहे आणि मशीनही मीच चालवते.

नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. वय ४८. गाल ओघळायला लागलेत, हनुवटीच्या दोन्ही बाजूंना लोंबतंय, भेटेल तो विचारतो, ‘बरं नाही का? तोंड का उतरलंय?’ लेकीच्या लग्नाच्या ६ आठवडे आधी तुम्ही आमच्याकडे हायफू, म्हणजे अल्ट्रासाउंडच्या मशीनने कातडी घट्ट करायचा उपचार, केलं, ४५ हजार आणि वर जीएसटी. अल्बममध्ये चेहरा होता तसाच. काउन्सेलर म्हणाली होती, ‘१० वर्षांनी लहान दिसाल.’ डॉक्टर जेमतेम ७ मिनिटं बोलल्या. तुम्ही थ्रेड, म्हणजे कातडीखाली घालून गाल वर धरणारे धागे, मागितले, ते नाकारले. मैत्रिणीने दुसरीकडे केले आणि तिचा चेहरा ‘त्याच दिवशी वर गेला’. आणि शेवटी, ‘गरज नसताना महागडं मशीन माथी मारलं’.

तुमची फाइल माझ्यासमोर आहे, पण तिच्यातलं काही इथे येणार नाही. फोटो तर नाहीच. तुम्ही स्वतः जेवढं लिहिलंत तेवढ्यावरच बोलते.

‘१० वर्षांनी लहान’ हे आमच्याकडे म्हटलं गेलं. ती मुलगी कबूल झाली. मी तिला रागावले खरी, पण पॅकेज गेलं की त्यावर इन्सेन्टिव्ह, ही पद्धत मीच लावली होती. तेव्हा तिच्यावर ढकलून मला सुटता येत नाही. या महिन्यापासून इन्सेन्टिव्ह बंद केलाय.

त्याहून मोठी चूक तारखेची. भिंगातून ऊन कागदाच्या एका ठिपक्यावर धरतो ना, तशी हायफूत अल्ट्रासाउंडची लहर एका बिंदूवर एकवटते. वरची कातडी शाबूत राहते आणि आत, साडेचार मिलीमीटरपर्यंत खोल, ६०-७० अंशांचे बारीक बारीक चटके बसतात. तुम्हाला जबड्याच्या हाडाजवळ दाढेत कळ गेल्यासारखं झालं असेल, ते हेच. चटका बसला की तिथलं कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट धरणारं प्रथिन, लगेच थोडं आकसतं, पण खरं काम पुढे होतं: ती इजा भरून काढताना शरीर नवं कोलॅजन विणतं. त्याला २-३ महिने लागतात, कधी ६. म्हणजे ६ आठवड्यांवर लग्न असलेल्या बाईला हायफू करणं हे मुहूर्त उलटून गेल्यावर मेंदी भिजवण्यासारखं आहे. हे आमच्या संमतीपत्रात लिहिलंय. इंग्रजीत, ४ पानांपैकी तिसऱ्या पानावर. सही घेताना ते कुणी वाचत नाही हे मला माहीत होतं. आता मराठीत एकच पान केलंय आणि पहिला प्रश्न आहे, ‘घरात कार्य कधी आहे?’ ३ महिन्यांच्या आत असेल तर हायफू करायचं नाही, असं ठरवलंय.

७ मिनिटांचंही खरं. बाहेर ‘कन्सल्टेशन फ्री’ असा बोर्ड होता. फुकट तपासणीत डॉक्टर घाईत असते आणि काउन्सेलर निवांत. बोर्ड काढला. आता पहिल्या भेटीची फी आहे आणि वेळ अर्धा तास.

त्या ७ मिनिटांत जे सांगायला हवं होतं, ते इथे सांगते.

आरशासमोर उभं राहून प्रत्येक बाई एक गोष्ट करते. दोन्ही गालांवर दोन-दोन बोटं ठेवते, कानाकडे हलकेच ओढते आणि म्हणते, ‘डॉक्टर, एवढंच हवंय.’ ते एवढंच हेच सगळ्यात अवघड आहे. बोटांनी आपण एक-दीड सेंटीमीटर ओढतो. मशीनने येणारा फरक मिलीमीटरमध्ये मोजायचा असतो. तो दिसतो, पण जबड्याची रेघ जरा स्वच्छ झाली, भुवई किंचित उघडली, इतपत. बोटांनी ओढल्यासारखं हवं असेल तर त्याचं नाव ऑपरेशन, आणि त्यासाठी मी प्लास्टिक सर्जनकडे पाठवते.

चेहरा जुन्या उशीसारखा ओघळतो. आतला कापूस कमी होतो, उरलेला खाली बसतो, आणि वरचा अभ्रा सैल पडतो. उशीच्या खालची गादीही, म्हणजे हाडं, वयाबरोबर थोडी झिजतात. बायकांमध्ये हे चाळिशीच्या शेवटी एकदम जाणवतं, कारण पाळी थांबल्यावरच्या पहिल्या ५ वर्षांत त्वचेतलं साधारण ३० टक्के कोलॅजन जातं. ‘गेल्या दिवाळीच्या फोटोत मी बरी होते’ असं बायका म्हणतात, तो भास नसतो.

मग विचारायचं ते एवढंच की तुमच्या उशीत बिघडलंय काय. नुसता अभ्रा सैल असेल तर हायफू किंवा आरएफ, म्हणजे रेडिओ लहरींनी त्वचा आतून तापवणारं मशीन. कापूस कमी असेल तर गालाच्या वरच्या भागात थोडं फिलर, म्हणजे पोकळी भरून काढणारं इंजेक्शन. थोडंच, नाहीतर चेहरा पुरीसारखा फुगतो, तसे चेहरे आपण सगळेच बघतो आहोत. अभ्राच दोन इंच मोठा झाला असेल तर तो कापून शिवावा लागतो, मशीनवर पैसे घालवू नयेत. बोटॉक्सबद्दल बऱ्याच जणी विचारतात. ते स्नायू सैल करतं. मानेवरच्या दोऱ्यांना उपयोग होतो, ओघळलेल्या गालाला फारसा नाही.

आणि एक गोष्ट मशीन विकणारे सांगत नाहीत. मुळात सडपातळ चेहऱ्यावर हायफू जोरात केलं तर होती ती चरबीही विरघळू शकते आणि बाई अजून थकलेली दिसते. सध्या वजन कमी करायच्या इंजेक्शनांनी ६ महिन्यांत १५ किलो उतरवून येणाऱ्या जणी वाढल्यात. त्यांचा कापूसच गेलेला असतो. त्यांना मी आधी वजन स्थिर करून या म्हणते.

आता थ्रेड. इथे मी माझ्या नकारावर ठाम आहे. मी थ्रेड करते, ४०च्या आसपास, थोडंसंच ओघळलेलं असेल आणि कातडी बऱ्यापैकी जाड असेल तर. धागा असतो ऑपरेशनच्या टाक्यांचाच, पीडीओ नावाचा, साधारण ६ महिन्यांत विरघळणारा. त्याला काटे असतात, ते आतून मांस पकडून वर धरतात. म्हणून चेहरा त्याच दिवशी वर जातो. त्यात निम्मी सूजही असते. गाल जड असले तर तो धागा त्यांना फार दिवस धरत नाही. कातडी पातळ असली तर खळगे पडतात, कधी धाग्याची रेघ दिसते, हसताना टोचतं. बहुतेक वेळा हे काही आठवड्यांत निवळतं. पण लग्न जवळ असताना गालाला पडलेली खळी घेऊन तुम्ही माझ्याकडे आला असता तर मी काय केलं असतं? मैत्रिणीला छान दिसतंय याचा खरंच आनंद आहे. तिचा चेहरा मी पाहिलेला नाही, त्यामुळे त्याहून जास्त बोलत नाही.

मात्र थ्रेड नाकारले, तर हातातलं दुसरं काहीतरी दिलंच पाहिजे असं नव्हतं. ‘लग्नापर्यंत काहीच करू नका, चांगली मेकअपवाली बघा आणि झोप काढा’ हे सांगायला हवं होतं. ते मी सांगितलं नाही.

‘गरज नसताना’ म्हणालात. गरज तशी कुणालाच नसते. दवाखान्यातल्या तपासणीला जीएसटी नाही आणि याला आहे, ते त्यामुळेच. हा हौसेचा खर्च आहे, आणि हौसेचा खर्च पूर्ण माहिती घेऊन करता आला पाहिजे. तिथे आम्ही कमी पडलो.

हे वाचून कुणी पार्लरमधल्या १२ हजारांच्या हायफूकडे वळणार असेल तर थांबा. खालचा ओठ हलवणारी नस जबड्याच्या कडेने जाते. तिला चटका बसला तर हसताना ओठ वाकडा होतो, बरा व्हायला आठवडे लागतात. प्रोब, म्हणजे मशीनचा चेहऱ्यावर टेकवायचा भाग, हातात धरणाऱ्याला ती नस कुठे आहे हे माहीत असावं.

आता पैशांचं. ‘एक सेशन फ्री देतो’ हा आमच्या धंद्यातला ठरलेला तोडगा आहे. तो देत नाही. नाराज माणसाला पुन्हा चटके देऊन काय होणार? हायफूला ६ महिने पूर्ण झाले की एकदा या. पहिले फोटो ज्या कॅमेऱ्याने, ज्या स्टूलवर, ज्या दिव्याखाली काढले, तसेच काढू आणि शेजारी ठेवून बघू. लग्नाच्या अल्बमशी तुलना नको. पाठवणीच्या फोटोत कुठल्याही आईचा चेहरा उतरलेलाच असतो. तुम्हाला फरक दिसला नाही तर ४५ हजार आणि जीएसटी परत. फरक आहे की नाही हे तुम्ही ठरवायचं, मी वाद घालणार नाही. रिव्ह्यू काढा किंवा बदला असंही कुणी तुम्हाला फोन करून म्हणणार नाही. कुणी म्हटलंच तर मला सांगा.

येताना क्रीम-पावडर काही लावू नका, केस मागे बांधायला एक रबर आणा. आणि शक्यतो सकाळी ११च्या आत या, नंतर गर्दी होते आणि पुन्हा ७ मिनिटांवर गाडी येते.