नट आवळ म्हणे!

बारा दिवस झाले. इंग्लंडात लेस्टरमधल्या या भाड्याच्या घरात बेडरूमचा रेडिएटर, म्हणजे गरम पाणी फिरवून खोली उबदार ठेवणारी भिंतीवरची लोखंडी पेटी, गळतोय; खाली श्रीखंडाचा रिकामा डबा लावलाय आणि रात्रीतून दोनदा उठून मी तो ओतून येते. बाहेर उणे तीन. कोणालाही सांगा, उत्तर एकच: "अगं, नट जरा आवळ ना!"

आवळला हो! पहिल्याच दिवशी आवळला. आधी थेंब थेंब येत होतं, आता धार लागायचीच बाकी आहे.

इथे १५ मिलिमीटरचा तांब्याचा पाइप रेडिएटरच्या व्हॉल्व्हला जोडतात ना, त्या नटाच्या पोटात पितळेची एक बारकी रिंग असते. ऑलिव्ह म्हणतात तिला. पाणी अडतं ते त्या रिंगमुळे, आट्यांमुळे नाही. एका पान्याने व्हॉल्व्ह धरायचा, दुसऱ्याने नट बेताने आवळायचा, की झालं काम. पण घरमालकाने पूर्वी पाठवलेल्या महाभागाने काय केलं असेल? आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली. थोडी नाही, क्रिकेटच्या बॅटला ग्रिप चढवावी तशी! आणि वरून नट असा पिळलाय की आतली रिंग पार चेपून गेली असणार. व्हॉल्व्ह धरलाच नसावा, कारण तो पाइपासकट तिरका झालाय. जुगाड फक्त आपल्याकडे चालतो असं ज्यांना वाटतं त्यांनी या बेडरूममध्ये येऊन गुडघे टेकावेत.

बरं, व्हॉल्व्ह बंद करून गप्प झोपावं, तर तेही नाही. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद केले, रेडिएटर गार पडला, मी स्वेटरवर स्वेटर चढवले, आणि खालून टप टप चालूच! डोकं चालायला अर्धा तास लागला. गळका नट व्हॉल्व्हच्या अलीकडे, पाइपाच्या बाजूला आहे. व्हॉल्व्ह बंद करून त्याला काय फरक पडणार? एवढ्याशा रिंगसाठी आता अख्ख्या घराच्या हीटिंगचं पाणी काढायचं. ती रिंग मिळते काही पेन्सना. प्लंबर नुसता दारात यायचे ८० पौंड मागतोय आणि येणार पुढच्या गुरुवारी.

दरम्यान हे पाणी तापवणाऱ्या बॉयलरचा दाबाचा काटा रोज एक बारच्या खाली येतो. मग मी भरते पाणी. ताज्या पाण्याबरोबर ताजा ऑक्सिजन आत जातो आणि लोखंडी रेडिएटर आतून आणखी गंजतात, हे माहीत असून भरते, कारण नाही भरलं तर बॉयलरच बंद पडतो. ते गंजाचं पाणी दिसतं कसं माहितीये? काळंकुट्ट. आणि खाली गालिचा कुठल्या रंगाचा? क्रीम! भाड्याच्या घरात क्रीम गालिचा घालणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार.

बाबा व्हिडिओ कॉलवरून सांगतात, "सफेदा लाव आणि सुतळी गुंडाळ, आपल्या वाड्यात तीस वर्षं टिकलंय." बाबा, ते आट्यांचे लोखंडी पाइप होते हो! आई मागून ओरडते, "एम-सील पाठवू का?"

घर गरम ठेवणारी यंत्रणा दुरुस्त ठेवणं इथे कायद्याने घरमालकाचं काम आहे. १९८५ चा घरमालक-भाडेकरू कायदा, कलम ११. ते मी मेलमध्ये लिहिलं, तीनदा. उत्तर नाही. फोन केला, तर "सुट्टीवर आहोत". शेवटी काल वैतागून गालिच्यावरच्या काळ्या डागाचा फोटो पाठवला.

पाच मिनिटांत उत्तर! बारा दिवसांत पहिल्यांदा. विचारतात, "डाग कसा पडला? साफसफाईचा खर्च डिपॉझिटमधून वळता करावा लागेल."

शाई सांडली म्हणून सांगू का?