सेंद्रिय भाजीसुद्धा धुवायची का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. भाजी, भात आणि धान्य यांबद्दलच्या माझ्या सल्ल्यावर इतकं सविस्तर आणि स्पष्ट लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत. सेंद्रिय भाजीवर फवारणी नसते, मग ती धुवायला सांगणं म्हणजे शेतकऱ्यावर अविश्वास. उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवायला सांगणं म्हणजे उगाच बाऊ, कारण गरम केलं की झालं. आणि धान्याला कीड लागली की ते अस्सल सेंद्रिय समजावं. तिन्ही मला पटत नाहीत.

सेंद्रिय शेतीतही गंधक, तांबेयुक्त औषधं अशा काही फवारण्या चालतात. पण खरा मुद्दा जंतूंचा आहे. पीक कोणत्या पद्धतीने घेतलं, एवढंच सेंद्रिय मालाचं प्रमाणपत्र सांगतं. शेणखत अर्धवट कुजलेलं असेल, पाणी दूषित असेल किंवा तोडणीचे हात अस्वच्छ असतील, तर ई. कोलाय हा पोटाचे आजार करू शकणारा जंतू कुठल्याही शेतातून घरी येऊ शकतो. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायच्या साथीत पन्नासहून अधिक माणसं दगावली. तिचा माग एका सेंद्रिय शेतावरच्या मोडांपर्यंत लागला. त्यात सेंद्रिय पद्धतीचा दोष नव्हता, संशय बाहेरून आणलेल्या मेथीदाण्यांवर होता. मोड यायला लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. म्हणून लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना मोड शिजवूनच द्या.

पालेभाजी धुताना पानं सुटी करा, भरपूर पाण्यात खळबळा, मिनिटभर थांबा आणि पानं हाताने वर उचलून घ्या. भांडं चाळणीत उपडं केलंत तर तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवरच येते. ही चूक सर्रास होते. तळ स्वच्छ दिसेपर्यंत पाणी बदला, शेवटी वाहत्या पाण्याखाली धरा. साबण नको. खाण्याचा सोडा (लिटरभर पाण्यात १० ग्रॅम, १२ ते १५ मिनिटं) सालीवरची काही कीटकनाशकं काढतो, सालीत मुरलेली नाही. जंतूंसाठी त्याच्यावर विसंबू नका.

आता भात. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू (त्याचं टणक, सुप्त रूप) शिजवूनही टिकतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि उलट्या करवणारं विष तयार करतात. हे विष उकळूनही जात नाही. म्हणजे रात्री वाफाळेपर्यंत गरम केलेल्या भातात जंतू मेले, तरी विष तसंच राहतं. झाकलेल्या पातेल्यात वरचा थर गार लागतो आणि मधला गोळा कोमटच असतो, तिथेच घात होतो. जेवण आटोपताच भात पसरट डब्यात दोन इंचांहून कमी थरात काढा, वाफ गेली की झाकण लावून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. फ्रिज ५ अंश सेल्सिअसच्या आत हवा. बटणावरचा आकडा म्हणजे तापमान नव्हे. मधल्या कप्प्यात पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर रात्रभर ठेवून सकाळी बघा.

कीड ही अस्सलपणाची खूण नाही, साठवण बिघडली की कुठल्याही धान्याला ती लागते. खात्री हवी तर पाकिटावर प्रमाणपत्राचा क्रमांक आणि प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं नाव शोधा. 'नैसर्गिक' एवढंच छापलेलं पुरेसं नाही. आणलेलं धान्य हवाबंद पिशवीत चार दिवस उणे १८ अंशांवर ठेवलंत तर किडीची अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर गार दाण्यांवर दव धरतं आणि बुरशी येते. बुरशी आलेलं धान्य मात्र पाखडून, भाजून वापरू नका, सरळ टाकून द्या. काही बुरशी तयार करतात ते अफ्लाटॉक्सिन हे विष शिजवून पुरतं जात नाही.