मांजर-सशाच्या ‘भावंडां’चा फॉरवर्ड आणि त्यातला जीवघेणा सल्ला

‘मांजर आणि ससा लहानपणापासून एकत्र ठेवा, सख्ख्या भावंडांसारखे राहतील’ अशी सुरुवात असलेला फॉरवर्ड सध्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. सोबत मांजराला टेकून झोपलेल्या सशाचा फोटो आणि पाच सूचना. तो वाचून माझ्या बहिणीने सशाचं पिल्लू आणायचं ठरवूनही टाकलं. घरात दोन वर्षांचा बोका आहे, दिवसभर खिडकीतून कबुतरांवर डोळा ठेवून असतो, हे ती विसरली. म्हणून लिहिते आहे.

आधी चौथी सूचना घेते, कारण ती पाळली तर ससा मरू शकतो. ‘खेळताना नख लागलं तर घाबरू नका, हळद लावा. फारच वाटलं तर मांजराचं उरलेलं अँटिबायोटिक थोडं पाजा.’

बहुतेक मांजरांच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जीवाणू असतात. मांजर पंजे चाटतं, तेव्हा ते नखांवरही येतात. नखाची जखम वरून टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि आत खोल जाते, त्यातून सशाच्या दाट केसांखाली ती दिसतच नाही. हळद कातडीवर राहते, जंतू आत असतात. काही दिवसांनी गाठ हाताला लागते. सशाचा पू पातळ नसतो, चक्क्यासारखा घट्ट असतो. त्यामुळे गळू फोडून तो वाहून जात नाही, बहुधा भूल देऊन अख्खी गाठच काढावी लागते. जंतू रक्तात पसरले तर गाठ यायच्या आधीच ससा जातो.

आता ते ‘उरलेलं’ औषध. मांजरांना सर्रास दिलं जातं ते पेनिसिलिन गटातलं अमॉक्सिसिलिन, एकटं किंवा क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिडबरोबर. मांजराला ते चालतं. सशाचं पचन मात्र मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या पिशवीतल्या जीवाणूंवर चालतं, तेच गवत आंबवतात. तोंडावाटे दिलेलं पेनिसिलिन गटातलं औषध या उपयोगी जीवाणूंना मारतं, रिकाम्या जागी क्लॉस्ट्रिडियम नावाचे घातक जीवाणू फोफावतात, त्यांचं विष भिनतं, जुलाब लागतात आणि ससा काही दिवसांत मरतो. क्लिंडामायसिन आणि लिंकोमायसिनही तितकीच घातक. सशांना डॉक्टर सहसा एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा देतात, तेही वजन करून.

नख किंवा दात लागल्याची नुसती शंका आली तरी केस बाजूला करत सगळं अंग बोटांनी चाचपा, जखम सलाइनने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ‘मांजराचं नख लागलंय’ हे स्पष्ट सांगा. गोळी-सिरप लिहून दिलं तर ते पेनिसिलिन गटातलं नाही ना, हे विचारायला लाजू नका. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर ससे बघत नाहीत, म्हणून ससे बघणारा डॉक्टर पिल्लू आणण्याआधीच शोधून ठेवा.

पाचवी सूचना याच जातीची: ‘पिसवांसाठी मांजराच्या मानेवर टाकायचे थेंब सशालाही चालतात.’ या थेंबांत बऱ्याचदा फिप्रोनिल हे कीटकनाशक असतं. फ्रंटलाइन या अशाच थेंबांच्या माहितीपत्रकातच सशांना वापरू नका, मृत्यूही येऊ शकतो, असं छापलेलं आहे. मांजराला लावलं तरी दोन दिवस दोघांना वेगळं ठेवा, ससा मांजराला चाटतो.

पहिल्या सूचनेत, म्हणजे लहानपणापासून एकत्र वाढवण्यात, अर्धं सत्य आहे हे मान्य करावं लागतं. झिंग-यांग कुओ या चिनी मानसशास्त्रज्ञाने १९३० साली यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. उंदीर मारणाऱ्या आईबरोबर वाढलेल्या मांजराच्या २१ पिल्लांपैकी १८ जणांनी उंदीर मारले. उंदराच्याच सोबतीत वाढलेल्या १८ पैकी फक्त तिघांनी मारले, तेही दुसऱ्या जातीचे, सोबत्याला त्यांनी पंजा लावला नाही. पण ती सोबत अगदी तान्हेपणापासूनची होती. मांजराच्या पिल्लावर असे संस्कार होण्याचा काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा. आपल्याकडे पिल्लू येतं तेव्हा तो बहुतेक संपलेला असतो. दोन वर्षांच्या बोक्याबद्दल तर बोलायलाच नको.

‘ससा गप्प बसला की रुळला समजा’ ही दुसरी सूचना साफ उलटी आहे. घाबरलेला ससा थिजून बसतो: डोळे विस्फारलेले, कान पाठीला चिकटलेले, श्वास धापेसारखा. रुळलेला ससा मागचे पाय ताणून आडवा होतो आणि मांजरासमोर निवांत खातो. भीतीने सशाची आतडी थंडावतात. बारा तास खाणं किंवा लेंड्या बंद असतील तर उद्याची वाट बघू नका.

तिसरी, दोघांना शी-शूसाठी एकच ट्रे. नको. ससा ट्रेमध्ये बसून चघळतो, आणि मांजराची गोळे होणारी बेंटोनाइट वाळू त्याच्या पोटातही फुगते.

दोघे आधीच घरात असतील तर दोन आठवडे वेगळ्या खोल्या, रोज एकमेकांच्या अंगाचा वास लागलेल्या फडक्यांची अदलाबदल. मग सशाला अर्धा बाय एक इंचाच्या वेल्डमेशच्या, वरूनही बंद पिंजऱ्यात ठेवा. कोंबड्यांची षटकोनी जाळी नको, तिच्यातून पंजा आत जातो. आत दोन तोंडांचं खोकं, म्हणजे ससा कोपऱ्यात सापडणार नाही. समोरासमोर आणायचं ते मांजराचं पोट भरल्यावर, नखं कापून, हार्नेस घालून, पाच-दहा मिनिटं. तिन्हीसांजेला नको, त्या वेळी दोघेही चेकाळलेले असतात. मांजर दबा धरून शेपटीचं टोक हलवायला लागलं की तिथेच थांबा.

नसबंदी दोघांची करा. तसाच ठेवलेला नर ससा मांजरावर चढतो आणि मांजर उलटून चावतं. ऑपरेशननंतरही महिना-दीड महिना त्याची ही खोड राहते. रात्री आणि घरात कुणी नसताना मध्ये बंद दार हवंच, किती का गट्टी जमलेली असेना. सशाला सोबत हवी असेल तर नसबंदी केलेला दुसरा ससा आणा.