जावईबापू चालवतील

माझ्या सासरी मला ‘जावईबापू’ म्हणतात, आणि त्यातला ‘बापू’ जितका लांबवला जातो तितके पुढचे काम मोठे असते, हे एकोणीस वर्षांच्या अनुभवाने मला पाठ झाले आहे. त्यामुळे जानेवारीअखेरीस एका रात्री ठाण्यातल्या चरईहून बायकोच्या मामांचा फोन आला आणि त्यांनी ‘बापू’वर चांगला लांबलचक मुक्काम केला, तेव्हा कारण न विचारताच मी गाडीत पेट्रोल किती उरले आहे ते आठवू लागलो. माझ्या मेहुण्याने, म्हणजे शिरीषने, नाशिकच्या वाइनरी पाहण्याची एका दिवसाची सहल ठरवली होती. माणसे सहा, म्हणून सात आसनांची माझी गाडी. सगळे थोडी थोडी वाईन चाखणार, म्हणून परतताना चालवणारा माणूस कोरडा हवा. मला पित्तामुळे लिंबाचे सरबतसुद्धा सोसत नसल्याने या जागेसाठी दुसरा उमेदवारच नव्हता. “जावईबापू चालवतील” हा ठराव माझ्या गैरहजेरीत एकमताने मंजूर झालेला होता.

शनिवार-रविवारी तिकडे गर्दी असते म्हणून शिरीषने गुरुवार निवडला आणि त्या गुरुवारी नेमकी संकष्टी निघाली. गुरुवार आणि संकष्टी असा जोडयोग आल्यावर बहुतेक मराठी घरांत वाईनचा विषय तिथेच मिटला असता. परंतु शिरीषने “चाखणं म्हणजे पिणं नव्हे” असा मुद्दा काढला, आणि मामांनी तो उचलून धरला. मामा राज्य उत्पादन शुल्क खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे या विषयात घरात त्यांचा शब्द अखेरचा असतो. आपण स्वतः केवळ तांत्रिक पाहणीसाठी येत आहोत, असे त्यांनी जाहीर केले. मामींचा उपास होता. त्यांनी दोन अटींवर संमती दिली: रामकुंडावर जायचे, आणि भांडीबाजारातून पितळी घंगाळ घ्यायचे. चंद्रोदय रात्री पावणेदहाच्या सुमारास होता, आणि त्याच्या आत त्यांना घरी पोहोचवणे हे अर्थातच माझे काम होते.

ठाण्याहून नाशिक साधारण दीडशे किलोमीटर आहे असे म्हणतात, पण हे अंतर ठाण्याच्या वेशीपासून मोजलेले असते, ठाण्यातल्या घरापासून नव्हे. मी पाचपाखाडीत राहतो, मामा चरईत, आणि शिरीषने घर घेतले आहे घोडबंदर रस्त्यावर, कासारवडवलीला. त्यामुळे सकाळी सहाला निघून आम्ही प्रथम नाशिककडे पाठ फिरवली, मेट्रोच्या खांबांखालून कासारवडवली गाठली, शिरीष आणि त्याची बायको ऋतुजा खाली येईपर्यंत वीस मिनिटे रखवालदाराशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आणि पुन्हा त्याच खांबांखालून माजिवड्याला आलो, तेव्हा पावणेआठ वाजले होते. साकेतच्या पुलावर दोन कंटेनरांच्या मध्ये उभे असताना मामांनी मागून विचारले, “जावईबापू, आपण निघालो असं आता म्हणायचं का?” मी खारेगाव जाईपर्यंत उत्तर दिले नाही.

जाताना समृद्धी महामार्ग घ्यावा असे माझे मत होते. परंतु मामांना जुन्या कसारा घाटाने जायचे होते, कारण नोकरीत असताना त्यांनी त्या घाटात अनेक ट्रक अडवले होते. घाटातल्या जवळजवळ प्रत्येक वळणावर त्यांचा एक ट्रक पकडलेला आहे, ही माहिती आम्हाला त्या त्या वळणावर मिळत गेली. इकडे शिरीष मोबाइलवरून वाचून दाखवत होता की सुला या नाशिकच्या वाइनरीची पहिली वाईन 2000 साली बाजारात आली, 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी खास धोरण आणले, आणि त्यानंतर नाशिकच्या परिसरात वाइनरी वाढत गेल्या. मामांनी त्याला मध्येच तोडले. “धोरण ठेव बाजूला. कायदा कुठला लागतो ते सांग.” शिरीषला ते ठाऊक नव्हते. आपल्या राज्यात दारू विकणे, बाळगणे आणि पिणे हे सगळे आजही ज्या कायद्याखाली चालते त्याचे नाव ‘दारूबंदी अधिनियम, 1949’ असे आहे, हे मामांनी आम्हाला सांगितले, आणि त्यापुढे जाऊन गाडीतल्या कोणाकडे मद्यसेवनाचा परवाना आहे काय, अशी चौकशी केली. एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो आणि आजन्म परवाना हजार रुपयांना, हे ऐकल्यावर माझ्या बायकोने मनातल्या मनात भागाकार केला आणि आजन्म परवाना वसूल व्हायला आपल्याला दोनशे दिवस प्यावे लागेल, असे सांगितले. ऋतुजाने ते गांभीर्याने घेतले.

नाशिकला पोहोचायला अकरा वाजले. रिकाम्या पोटी वाईन घेऊ नये, या सर्वमान्य तत्त्वाला अनुसरून शिरीषने गाडी मिसळीच्या हॉटेलापाशी थांबवायला लावली. नाशिकची काळ्या मसाल्याची मिसळ प्रसिद्ध आहे, ती योग्य कारणासाठीच. चौघांनी रस्सा दोनदोनदा मागून घेतला, नाकाडोळ्यांतून पाणी काढले, पापड कुस्करले आणि वरून पुन्हा रस्सा घेतला. मामींनी गाडीत बसून राजगिऱ्याचा लाडू खाल्ला. मी दही आणि अर्धा पाव घेतला. या गोष्टीला पुढे काय महत्त्व येणार आहे, याची तेव्हा कोणालाच कल्पना नव्हती.

पहिली वाइनरी गंगापूर धरणाच्या बाजूला होती. आम्हाला बाग दाखवणारा मुलगा निफाडकडचा, द्राक्षवाल्या शेतकऱ्याच्याच घरातला होता, आणि म्हणूनच बहुधा, पाठ केलेले भाषण सोडून मध्ये मध्ये खरे बोलत होता. हंगाम ऐन भरात होता. वाईनच्या द्राक्षाचा घड मी पहिल्यांदाच जवळून पाहिला: हातगाडीवरच्या द्राक्षांच्या निम्म्याने लहान, गच्च दाटलेले, काळसर मणी आणि त्यांवर पिठूळ साय. त्याने एक मणी तोडून माझ्या हातावर ठेवला. साल जाड, आत दोन बिया, आणि इतका गोड की दाताला कळ लागली. एप्रिलमधली खरड छाटणी आणि पावसाळा सरतानाची गोडी छाटणी, असा वर्षातून दोनदा वेलींना हात लावावा लागतो, हे तो सांगत असताना मंडळी वेलींच्या पार्श्वभूमीवर छायाचित्रे काढण्यात मग्न होती. ती काढायलाही जावईबापूच होते.

आत पोलादी टाक्यांची रांग होती. रंग द्राक्षाच्या सालीत असतो, गर जवळजवळ बिनरंगाचाच, म्हणून तांबड्या वाईनसाठी रस सालींसकट आंबवतात आणि पांढरीसाठी आधीच गाळून घेतात, हे त्याने फार छान समजावले. पुढच्या थंडगार तळघरात ओकची पिंपे रचलेली होती. लाकडातून थोडी थोडी वाईन उडून जाते आणि पिंप अधूनमधून वरपर्यंत भरून घ्यावे लागते, असे तो म्हणताच मामा थांबले. “म्हणजे माल कमी भरतो?” “हो काका, नैसर्गिक आहे ते. देवदूतांचा वाटा म्हणतात त्याला.” मामांनी चष्मा काढून पुसला. सबंध नोकरीत कमी भरलेल्या मालाचा हिशेब मागितल्यावर त्यांनी उंदीर, ऊन, गळका नळ आणि मयत चौकीदार अशी अनेक कारणे ऐकली होती. देवदूतांना आरोपी करण्याची हिंमत मात्र कोणी केली नव्हती. “वर्षाला किती टक्के धरता?” त्यांनी विचारले, आणि त्यानंतरची पंधरा मिनिटे आम्ही सगळे त्या तळघरात कुडकुडत चौकशीला सामोरे गेलो.

मग चाखण्याचा कार्यक्रम झाला. प्रत्येकापुढे पाच पेले, प्रत्येकात दोन-तीन घोट. पेला तिरका धरून पांढऱ्या कागदावर रंग पाहायचा, तो गोल फिरवायचा, नाक आत घालून वास घ्यायचा, आणि मग घोट तोंडात घोळवायचा. शिरीषने पेला इतक्या आवेशाने फिरवला की पहिली पांढरी वाईन त्याच्या बाहीने चाखली. “काय जाणवतंय?” मुलाने विचारले. मिसळीने चौघांच्याही जिभांचा निकाल लावलेला होता. शिरीषने डोळे मिटले आणि म्हणाला, “फ्रूटी.” ऋतुजाही फ्रूटी म्हणाली. बायकोने माझ्याकडे पाहिले आणि फ्रूटी म्हणाली. मामांनी ‘समाधानकारक’ असा शेरा दिला.

पेला उगाच वाया जाऊ नये म्हणून माझ्यापुढची सोव्हिन्यों ब्लां मामींनी नाकाशी नेली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “कच्चा पेरू. आणि ढोबळी मिरची आत्ता चिरल्यासारखी.” मुलाच्या हातातली बाटली तशीच राहिली, कारण त्याच्याजवळच्या कार्डावर नेमके हेच छापलेले होते. त्याने घाईने शिराझ पुढे केली. “मिरी. भरडलेली, पूड नव्हे,” मामी म्हणाल्या. पिंपात मुरवलेली शेवटची वाईन हुंगून त्यांनी जुने लाकडी कपाट पावसाळ्यानंतर उघडल्याचे निदान केले, तेव्हा शेजारच्या टेबलावरचे पुण्याचे एक जोडपे आपले पेले घेऊन आमच्याकडे आले. चाळीस वर्षे मसाले भाजणाऱ्या बाईच्या नाकाची ही पहिलीच जाहीर परीक्षा होती आणि तीत त्या न पिता पहिल्या आल्या. मामांना हे फारसे रुचले नाही. वासानेही अर्धे जेवण होते, तेव्हा अर्धा उपास मोडला की काय, अशी शंका त्यांनी काढली. “मग अर्धाच राहिला. तेवढा सोडायला रात्री एकच मोदक करीन, तुम्हाला नाही,” मामींनी सांगितले.

दुसऱ्या वाइनरीबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. तिथेही टाक्या होत्या, पिंपे होती आणि फ्रूटी होती. जेवणाबरोबर तांबड्या वाईनची एक बाटली मागवली गेली, ती अर्धीच संपली, आणि उरलेली अर्धी शिरीषने बूच ठोकून बरोबर घेतली.

चारच्या सुमारास आम्ही जुन्या नाशकात शिरलो. म्हणजे, ती पाच माणसे शिरली. मी शिरलो असे म्हणता येणार नाही, कारण शिरण्यासाठी गाडी कुठे तरी उभी करावी लागते. मेन रोडच्या तोंडाशी त्यांना उतरवून मी जागा शोधू लागलो आणि पुढच्या दीड तासात रविवार कारंजा चार वेळा पाहिला. पंचवटी, काळाराम, सराफ बाजार या साऱ्या गोष्टी माझ्यापर्यंत फोनवरून येत होत्या. काळाराम मंदिराच्या दारात उभे राहून मामा मला 2 मार्च 1930 ला इथे आंबेडकरांचा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाल्याचे सांगत होते, तेव्हा मी तिसऱ्यांदा एका केळेवाल्याची माफी मागत होतो. नंतर ते नारोशंकर मंदिराच्या मोठ्या घंटेखाली पोहोचले. वसईच्या मोहिमेतून आलेली ती घंटा म्हणजे एका अर्थी आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्याचा जप्तीचा माल, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी बायकोचा फोन आला: “आम्ही दुतोंड्या मारुतीपाशी उभे आहोत, लगेच या.” गोदावरीला पूर आला की पाणी या मारुतीच्या कितपत वर आले यावरून नाशिककर पुराची पातळी ठरवतात. पाणी तिथपर्यंत कसे पोहोचते ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. गाडी कशी पोहोचते ते मात्र मी विचारलेल्या पाच माणसांनी पाच प्रकारे सांगितले.

पोहोचलो तेव्हा घाटाच्या पायरीवर मामी बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी, दोन कड्यांचे, उन्हात लखलखणारे, सहा महिन्यांचे मूल आरामात आंघोळ करू शकेल असे घंगाळ बसले होते. पितळ वजनावर घेतले होते आणि घासाघीस मजुरीवर झाली होती. गाडीत ते कुठेच मावेना. अखेर मागचे आसन आडवे करून ते तिथे ठेवले, आणि जागा वाया जाऊ नये म्हणून चिवड्याची पाकिटे आणि सगळ्या बाटल्या टॉवेलांत गुंडाळून त्याच्याच पोटात रचल्या. शिरीषची अर्धी बाटली सर्वांत वर.

परतताना मी कोणालाही न विचारता इगतपुरीला समृद्धीवर चढलो. इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला, आणि त्यातला आठेक किलोमीटरचा बोगदा सुरू होण्याआधीच गाडीतले पाचही जण झोपले होते. पाच निरनिराळ्या सुरांतले घोरणे, बाहेर दिव्यांची रांग आणि पुढे एकही वाहन नाही, अशी ती चाळीस-पंचेचाळीस मिनिटे हाच त्या सहलीतला माझा वाटा. आमण्याला खाली उतरलो आणि सहल संपली. आमणे ते माणकोली या थोडक्या अंतराला त्याहून दुप्पट वेळ लागला, आणि माणकोलीच्या अलीकडे एका खड्ड्यात मागचे चाक असे काही आदळले की घंगाळाने नारोशंकराला लाजवील असा नाद केला. कोणी जागे झाले नाही. थोड्याच वेळात गाडीभर वास पसरला. मामींच्या भाषेत सांगायचे तर मिरी, भरडलेली.

खारेगावच्या पुढे नाकाबंदी होती. काच खाली केली मात्र, हवालदारांनी एक पाऊल मागे घेतले. “कुठून?” “नाशिकहून.” “उतरा.” मागे चौघे तोंड उघडे टाकून झोपलेले, घंगाळात चिवड्यासह वाईनचे लाल तळे, आणि मी आंबट तोंडाने उभा. रक्तात 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा मला मामांमुळे तोंडपाठ होती, ती मी मदत म्हणून सांगितली, आणि त्याने संशय अधिकच वाढला. “फुंका.” मी फुंकले. यंत्रावर शून्य आले. त्यांनी यंत्र झटकले, माझ्याकडून पुन्हा फुंकवून घेतले, पुन्हा शून्य आले. “नाशिकहून येताय, आणि शून्य?” त्यांच्या आवाजात आता संशय नव्हता, कीव होती.

एवढ्यात मागचे दार उघडून मामी उतरल्या. खाडीवर चंद्र आलेला होता. त्यांनी पायातल्या चपला काढल्या, पाण्याच्या बाटलीतले चार थेंब सोडले आणि तिथेच रस्त्याकडेला हात जोडले. हवालदारांनीही सवयीने टोपी काढली. मग त्यांची विजेरी गाडीच्या मागच्या भागावरून फिरत घंगाळावर स्थिरावली, आणि आवाज एकदम घरगुती झाला.

“ताई, हे कितीला पडलं?”

“भाव विचारू नका, वजन विचारा,” असे म्हणून मामींनी चपला पुन्हा पायांत घातल्या, आणि मी पुढची पंधरा मिनिटे गाडीला टेकून उभा राहिलो.