एका बिबट्याचे दोन होऊ नयेत

जंगलात लावलेल्या, आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांनी वाघ-बिबटे मोजण्यावरचा तुमचा लेख चांगला आहे, पण त्यातल्या ‘एआय फोटो बघून वाघ ओळखतं’ या एकाच वाक्यात दोन वेगळी कामं कोंबलीत. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभरातून जवळपास साडेतीन कोटी फोटो जमले, त्यात वाघांचे होते ७६,६५१. हा ढीग प्राण्यांनुसार वेगळा लावायचं काम एआयवर चालणाऱ्या ‘कॅटरॅट’नं केलं. पण हा वाघ आधी दिसलेलाच का, हे पट्टे जुळवणारं दुसरं सॉफ्टवेअर बघतं.

आणि खरी गोम पुढंच आहे. वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे सारखे नसतात, बिबट्याचे ठिपकेही दोन्हीकडं सारखे नसतात. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. चांदोली-कोयनेच्या जंगलात हे ठीक. आमच्या कराड-शिराळ्याकडं उसाच्या बांधावर एकच कॅमेरा लावला, तर एका रात्री डावी बाजू, दुसऱ्या रात्री उजवी. मग मशीन तरी काय जुळवणार? गावात मात्र तोवर ‘जोडी आलीय’ म्हणून बोभाटा! (व्हॉट्सॲपवर तर पिल्लंसुद्धा होतात.) उसातल्या बिबट्यांचा आकडा सांगताना कॅमेरे एकेरी होते की जोडीनं, हेही छापत जा.