लाथेचा विमा कशाला हवा?

वाईच्या बाजूला चार गुंठे मोकळी जागा, एक जुना गोठा आणि थोडाफार कडबा असेल, तर लोकांचे घोडे सांभाळायला घ्या. पावसाळ्यात पाचगणीच्या टेबललँडवरचा घोडेस्वारीचा धंदा बसला की जागा शोधणारे भेटतात, लग्नसराई सरली की वरातीची घोडी रिकामी होते, शिवाय पुण्याच्या एखाद्या हौशी साहेबाला घोडा परवडतो पण पागा परवडत नाही. महिन्याचा आकडा ठरवा, खुंटा ठोका. कृष्णेत घोडं न्हालं!

लिहूनबिहून काही घेऊ नका. समोरचा तुम्हाला दाजी म्हणतो, दाजींशी कुणी करार करतं का? घोडी चावते का, मागून गेलं की लाथ झाडते का, हेही विचारायचं नाही, माणसाला वाईट वाटतं. १८७२ च्या करार कायद्यात, कलम १५० खाली, खोड लपवून दिलेल्या घोड्यानं माणसाला पाडलं तर भरपाई घोडा देणाऱ्या मालकावर, असं उदाहरणच छापलंय. पण ते इंग्रजांच्या घोड्यांसाठी असणार.

मेहुण्याच्या पोराला एक फेरी मात्र जरूर मारू द्या. कलम १५४ म्हणतं की ठरल्याबाहेर वापर केला तर पोरानं कितीही जपून चालवलं तरी घोडं पडल्याची भरपाई तुमच्यावर. असू दे. पोरगं खूश होतं ना?

विम्याचं विचारलंत तर मालक छातीठोकपणे सांगेल, "घोड्याचा विमा आहे की!" निर्धास्त व्हा. तो विमा घोडं मेलं तर पैसे देतो, तेही मालकाला. त्याच घोड्यानं शेजाऱ्याच्या पोराचा गुडघा फोडला तर? इथंच घोडं पेंड खातं. तिऱ्हाइताला झालेल्या इजेची भरपाई देणारी लायबिलिटी पॉलिसी वेगळी असते. आणि ती काढलीत तरी सांभाळायला घेतलेल्या घोड्याचाच पाय मोडला तर ती बहुधा हात वर करते, कारण ताब्यातला परका माल अशा पॉलिसीतून सहसा वगळलेला असतो. तो जास्तीचा हप्ता भरून आत घ्यावा लागतो, म्हणजे कटकट. (१९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आहे म्हणून कुणी धीर दिला, तर तो भोपाळनंतर घातक रसायनांसाठी आला. तुमची घोडी घातक असली तरी रसायन नाही.)

त्यापेक्षा पाटी स्वस्त. "घोड्याजवळ जाऊ नये, अपघातास मालक जबाबदार नाही," असं पत्र्यावर रंगवून कुंपणाला लावा. पाच वर्षांच्या पोराला अजून जोडाक्षरं येत नाहीत, पण तो त्याच्या मास्तरांचा दोष. फौजदार आले तर सांगा, "साहेब, घोडं माझं नाही." साहेब भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ काढतील, त्यात मालकी विचारत नाहीत, जनावर ताब्यात कुणाच्या होतं ते विचारतात. हयगय ठरली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दवाखान्याचं बिल अलग.

आणि लाथ बसलीच, तर घाबरू नका. आधी एजंटला फोन लावा. कालच्या तारखेची पॉलिसी निघते का, विचारून बघा.