दक्षिण चीन समुद्र 'चीनचा झाला' का? फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

दक्षिण चीन समुद्राबद्दल एक मजकूर मराठीत सतत फॉरवर्ड होत असतो. त्याचा गाभा असा: "चीनने वाळू टाकून बेटं बांधली, बेटांभोवती हद्द आली, हद्दीबरोबर समुद्रही आला. हेगचा निकाल चीनने फेटाळला, म्हणजे तो रद्दीत गेला. दोन हजार वर्षांचा हक्क आहेच. शेजारी गप्प बसले. विषय संपला, आणि भारताचा त्याच्याशी काही संबंध नाही." यातली एक-दोन वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणूनच मजकूर पटतो. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि तो पसरणं बीजिंगच्या सोयीचं आहे. चीनने तिथे ताकद उभी केली आहे, हक्क मिळवलेला नाही. दावे एकेक करून पाहू.

"बेट बांधलं की भोवती 12 मैलांची हद्द मिळते"

सगळा मजकूर या एका वाक्यावर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबावं लागेल.

समुद्रातल्या हद्दी ठरतात त्या 1982 च्या संयुक्त राष्ट्र सागरी कायदा कराराने. चीनने तो 1996 मध्ये स्वीकारला. हा करार समुद्रातल्या उंचवट्यांचे प्रकार पाडतो आणि प्रत्येकाला वेगळं माप लावतो. भरतीतही पाण्यावर राहणारं, माणसांची वस्ती किंवा स्वतःचं आर्थिक जीवन पेलू शकणारं नैसर्गिक बेट असेल तर 12 सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र आणि 200 मैलांचं अनन्य आर्थिक क्षेत्र (जिथल्या मासळी-खनिजांवर फक्त त्या देशाचा हक्क असतो) मिळतं. भरतीत डोकं वर राहतं पण वस्ती पेलवत नाही, असा खडक असेल तर फक्त 12 मैल. फक्त ओहोटीत दिसणारा आणि भरतीत बुडणारा उंचवटा असेल तर स्वतःचं काहीच नाही. मात्र तो मुख्य भूमीपासून किंवा दुसऱ्या बेटापासून 12 मैलांच्या आत असेल, तर त्या भूमीची हद्द मोजताना त्याचा आधार घेता येतो. आणि माणसाने बांधलेलं बेट असेल तर कलम 60 नुसार त्याला बेटाचा दर्जा नाही, प्रादेशिक समुद्र नाही. भोवती साधारण 500 मीटरपर्यंतचा सुरक्षा पट्टा तेवढा आखता येतो, आणि तोही ज्याचं आर्थिक क्षेत्र असेल त्या देशाने.

मोजमाप भराव टाकण्याआधीच्या नैसर्गिक स्थितीचं होतं. आज तिथे काँक्रीट आहे, मग पूर्वी काय होतं हे कसं ठरवायचं? फिलिपिन्सने चीनविरुद्ध नेलेल्या प्रकरणातल्या 2016 च्या लवादाने (मजकुरातला 'हेगचा निकाल' तो याचाच) त्यासाठी ब्रिटिश आणि जपानी आरमारांची जुनी सर्वेक्षणं, नकाशे आणि जहाजांसाठीच्या मार्गदर्शक पुस्तिका तपासल्या. जहाज खडकावर आदळू नये म्हणून त्या काळच्या सर्वेक्षकांनी कोणता दगड उधाणाच्या भरतीतही दिसतो याच्या नोंदी ठेवल्या होत्या. शंभर-दीडशे वर्षांनी त्याच नोंदी पुरावा ठरल्या.

चीनने भराव घातलेल्या मिस्चीफ रीफचं उदाहरण घ्या. तिथे आज सुमारे अडीच-तीन किलोमीटरची धावपट्टी, हँगर आणि रडार आहेत. पण मुळात तो भरतीत बुडणारा प्रवाळ आहे. फिलिपिन्सच्या पलावानपासून तो सुमारे 125 सागरी मैलांवर, चीनच्या हैनानपासून सुमारे 600 मैलांवर. म्हणजे कायद्याच्या नजरेत ती धावपट्टी फिलिपिन्सच्या आर्थिक क्षेत्रातल्या समुद्रतळावर विनापरवाना केलेलं बांधकाम आहे. लवादाने ते नेमकं तसंच नोंदवलं.

समुद्रावर याचा अर्थ काय होतो, ते 24 मे 2017 ला दिसलं. अमेरिकेची यूएसएस ड्यूई ही विनाशिका मिस्चीफच्या सहा मैलांच्या आत गेली आणि तिथे 'माणूस पाण्यात पडला' हा बचावसराव केला. परक्या देशाच्या 12 मैलांतून युद्धनौकेला जाता येतं, पण सरळ आणि न थांबता. वाटेत सराव करता येत नाही. तिने सराव केला, म्हणजे इथे कुणाचाही प्रादेशिक समुद्र नाही हे कृतीने मांडलं. याउलट 2015 मध्ये यूएसएस लासेन सुबी रीफजवळून नुसतीच निघून गेली तेव्हा संदेश धूसर राहिला होता. सुबीही भरतीत बुडणाराच, पण फिलिपिन्सच्या ताब्यातल्या थिटू बेटालगतच्या सँडी के या वाळूच्या दांड्यापासून 12 मैलांच्या आत. वर सांगितलेला 12 मैलांच्या आतल्या उंचवट्याचा अपवाद लागू होतो तो इथे. अमेरिकेने स्वतः हा करार अजून स्वीकारलेला नाही, हा तिच्या बाजूतला खरा कच्चा दुवा आहे आणि चीन तो सतत दाखवतो. त्याने मिस्चीफचं माप मात्र बदलत नाही.

"हेगचा निकाल चीनने फेटाळला, म्हणून तो रद्दी"

आधी एक दुरुस्ती. हा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा नाही. करारातल्या सातव्या परिशिष्टानुसार नेमलेल्या पाच जणांच्या लवादाचा आहे. हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाने फक्त कचेरीचं काम पाहिलं. फिलिपिन्सने 22 जानेवारी 2013 ला प्रकरण सुरू केलं, निकाल 12 जुलै 2016 ला आला. एक पक्ष हजर राहिला नाही तरी कामकाज थांबत नाही, हे त्याच परिशिष्टात लिहिलेलं आहे, आणि चीनने करार त्यासह स्वीकारला होता. लवादात आपला एक सदस्य नेमण्याचा हक्क चीनला होता. तो त्याने वापरला नाही.

बेट कुणाच्या मालकीचं, हे लवादाने ठरवलेलं नाही. तो अधिकारच त्याला नव्हता. "फिलिपिन्सला बेटं मिळाली" असं उलट बाजूचे लोक लिहितात, तेही चूक. लवादाने ठरवलं ते एवढं: चीनने आपला दावा दाखवायला नकाशावर काढलेल्या नऊ तुटक रेषांच्या आतल्या साधनसंपत्तीवर चीन सांगतो तसे ऐतिहासिक हक्क टिकत नाहीत, स्प्रॅटली या (मिस्चीफ, सुबी ज्यात येतात त्या) बेटसमूहातल्या एकाही उंचवट्याला 200 मैलांचं क्षेत्र मिळत नाही. यात तैवानच्या ताब्यातलं इतू आबा हे बेटही आलं. तिथे गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, झाडं आहेत, तैवानचे तेव्हाचे अध्यक्ष मा यिंग-जिओ निकालाच्या काही महिने आधी मुद्दाम तिथे जाऊन आले होते. तरीही, बाहेरून रसद न आणता तिथे स्थिर वस्ती कधी नांदल्याचा पुरावा नाही म्हणून तो खडक ठरला. हा निकष कडक आहे असं म्हणायला जागा आहे, आणि सागरी कायद्याचे काही अभ्यासक तसं म्हणतातही. पण त्याचा फटका सगळ्या दावेदारांना सारखाच बसतो.

आणि कायदा रद्दीच असेल तर नोव्हेंबर 2024 मध्ये चीनने फिलिपिन्सशी वाद असलेल्या स्कारबरो शोल या प्रवाळाभोवती आधाररेषा (ज्यांपासून समुद्राची हद्द मोजतात त्या रेषा) का जाहीर केल्या? लवादाने स्कारबरोला खडक ठरवलं, म्हणजे तिथे 12 मैल मिळू शकतात. चीनने पाऊल टाकलं ते त्याच चौकटीत बसेल अशा बेताने. सप्टेंबर 2025 मध्ये त्याच शोलवर निसर्ग अभयारण्य जाहीर केलं. ताकदीवर सगळं भागत असतं, तर या कागदपत्रांची गरज पडली नसती.

"दोन हजार वर्षांचा ऐतिहासिक हक्क"

रेषांचा नकाशा 1947 चा, तोही तेव्हाच्या राष्ट्रवादी सरकारचा. त्यात अकरा तुकडे होते. टोंकिनच्या आखातातले दोन 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला गळले आणि नऊ उरले. मे 2009 मध्ये चीनने तो नकाशा संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या पत्राला जोडला. ऑगस्ट 2023 च्या नकाशात तैवानच्या पूर्वेला दहावा तुकडा दिसतो. चीन ज्याला आपलं दक्षिण टोक म्हणतो ते जेम्स शोल मलेशियातल्या सारावाकच्या किनाऱ्यापासून सुमारे 80 किलोमीटरवर आहे, आणि वीसेक मीटर पाण्याखाली. चिनी कोळी या समुद्रात शतकानुशतकं मासेमारी करत आले, हे खरं आहे. व्हिएतनामी, फिलिपिनो, मलायी कोळीही करत आले. खुल्या समुद्रात सगळ्यांनी केलेली मासेमारी कुणा एकाची मालकी ठरत नाही.

"ही बेटं म्हणजे न बुडणाऱ्या विमानवाहू नौका"

डिसेंबर 2013 ते 2015 अखेर चीनने सात प्रवाळांवर मिळून सुमारे 3,200 एकर, म्हणजे जवळजवळ 13 चौरस किलोमीटर भराव घातला. पद्धत सरळ होती: कटर-सक्शन ड्रेजरचं फिरतं पातं प्रवाळ फोडतं, पंप तो चुरा पाण्यासकट ओढतो, तरंगत्या पाइपातून कड्यावर ओततो, वरून बुलडोझर पसरवतात, कडेने काँक्रीटची भिंत. तियान जिंग हाओ हा ड्रेजर ताशी सुमारे 4,500 घनमीटर उपसू शकतो. प्रवाळाचा नाश झाला तो याच टप्प्यावर: कापलेला प्रवाळ गेलाच, पण उडालेला गाळ आसपासच्या जिवंत प्रवाळावर बसून त्याचा प्रकाश अडला.

अशा भरावाच्या अडचणीही आहेत. प्रवाळाची वाळू सच्छिद्र, दाबाखाली चुरडणारी. नीट ठोकून बसवली नाही तर जमीन असमान खचते. खारी दमट हवा विमानांना आणि इलेक्ट्रॉनिक्सला खाते. इंधन, सुटे भाग आणि अन्न हजार किलोमीटरवरून जहाजाने येतं. आणि विमानवाहू नौका जागा बदलते, धावपट्टी बदलत नाही. तिचे अक्षांश-रेखांश सगळ्यांना ठाऊक आहेत. खऱ्या युद्धात ही ठाणी पहिल्या काही तासांतली लक्ष्यं ठरतील.

म्हणून ती निरुपयोगी आहेत का? मुळीच नाही. शी जिनपिंग यांनी सप्टेंबर 2015 मध्ये वॉशिंग्टनमध्ये लष्करीकरणाचा इरादा नसल्याचं सांगितलं. 2018 मध्ये फायरी क्रॉस, सुबी आणि मिस्चीफवर विमानभेदी आणि जहाजभेदी क्षेपणास्त्रं पोचल्याच्या बातम्या आल्या. पण त्यांचा रोजचा उपयोग वेगळाच आहे. तटरक्षक जहाजांना आणि मिलिशियाच्या (मासेमारीच्या बोटी दिसणाऱ्या, पण सरकारसाठी काम करणाऱ्या) बोटींना इंधन, पाणी, आसरा मिळतो, हैनानला परतावं लागत नाही. मार्च 2021 मध्ये व्हिटसन रीफजवळ सुमारे 220 चिनी बोटी एकमेकींना बांधून उभ्या राहिल्या होत्या. मासेमारी करणारी बोट अशी जाळं न टाकता आठवडेच्या आठवडे उभी राहत नाही, तिचं इंधनही वसूल होणार नाही. बेटांच्या खाजणात अशा बोटींना हक्काचा थांबा आहे.

ताबा खरा चालतो तो असा. फिलिपिन्सच्या रसद नेणाऱ्या छोट्या बोटीच्या पुढे दोन मोठी जहाजं आडवी घालायची, पाण्याचा मारा करायचा, काचा फुटल्या की बोट मागे फिरते. गोळी झाडली जात नाही, म्हणून अमेरिका-फिलिपिन्स संरक्षण कराराचा प्रश्न सहसा येत नाही. 17 जून 2024 ला सेकंड थॉमस शोलवर मात्र चिनी जवान कुऱ्हाडी-सुरे घेऊन भिडले, रबरी बोटी फाडल्या आणि एका फिलिपिनो नौसैनिकाचा अंगठा गेला. तिथे फिलिपिन्सने 1999 मध्ये मुद्दाम रुतवलेलं सिएरा माद्रे हे गंजलेलं जहाज आणि त्यावरची तुकडी अजून आहे. 11 ऑगस्ट 2025 ला तर स्कारबरोजवळ फिलिपिनो तटरक्षक जहाजाचा पाठलाग करताना चीनचीच विनाशिका आणि चीनचंच तटरक्षक जहाज एकमेकांवर आदळून तटरक्षक जहाजाचा पुढचा भाग चेपला. दोन वेगळ्या दलांची जहाजं इतक्या वेगाने, इतक्या जवळून एकाच लक्ष्यामागे वळतात तेव्हा असंच होतं. भीती आहे ती या अपघातांची. एका अपघातात माणसं गेली की पुढचे निर्णय कुणाच्या हातात राहतील, सांगता येत नाही.

"शेजारी गप्प बसले"

स्प्रॅटलीत व्हिएतनामच्या ताब्यात 21 जागा आहेत, चीनच्या सातांच्या तिप्पट. 2021 पासून व्हिएतनामनेही मोठ्या प्रमाणावर भराव घातला, बार्क कॅनडा रीफवर तर लांब धावपट्टीही केली. त्या भरावाला हद्द मिळत नाही, हा नियम व्हिएतनामलाही लागू आहे, आणि प्रवाळाची हानीही तशीच. इंडोनेशियाने मे 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांना पत्र देऊन 2016 च्या निकालाचा आधार घेतला. फिलिपिन्सने 2023 पासून प्रत्येक झटापटीचं चित्रण जाहीर करायला सुरुवात केली. त्याच सप्टेंबरमध्ये स्कारबरोच्या तोंडाशी चीनने लावलेला 300 मीटरचा तरंगता अडसर त्यांच्या पाणबुड्याने सुऱ्याने दोर कापून मोकळा केला. हे देश कमजोर आहेत, पण गप्प नाहीत.

"भारताचा काय संबंध?"

ओएनजीसी विदेशची व्हिएतनामच्या किनाऱ्यालगतच्या 06.1 या तेल-वायू गटात 1988 पासून भागीदारी आहे. जुलै 2011 मध्ये व्हिएतनामच्या भेटीवरून निघालेल्या आयएनएस ऐरावतला किनाऱ्यापासून 45 मैलांवर रेडिओवरून "तुम्ही चिनी पाण्यात शिरताय" असं बजावलं गेलं. समोर जहाज दिसत नव्हतं, आणि ऐरावत ठरल्या वाटेने गेली. जानेवारी 2022 मध्ये फिलिपिन्सने सुमारे 37.5 कोटी डॉलरला ब्राह्मोस घेण्याचा करार केला, पहिला संच एप्रिल 2024 मध्ये पोचला. निकालाची केवळ 'नोंद' घेणाऱ्या भारताने जून 2023 मध्ये मनिलाबरोबरच्या संयुक्त निवेदनात तो पाळला जावा असं म्हटलं.

याहून महत्त्वाची गोष्ट मराठीत क्वचितच सांगितली जाते. बंगालच्या उपसागरातल्या हद्दीवरून बांगलादेशने भारताला याच करारातल्या याच परिशिष्टाखाली लवादात नेलं. 7 जुलै 2014 च्या निकालात 25,602 चौरस किलोमीटर वादग्रस्त क्षेत्रापैकी 19,467 बांगलादेशला गेलं. कितीतरी पटींनी मोठा देश हरला, आणि त्याने निकाल मानला. त्या लवादातले पाचांपैकी तिघे, वोल्फ्रुम, कोत आणि मेन्साह, दोन वर्षांनी फिलिपिन्सच्या प्रकरणातही बसले होते. 'पाश्चात्त्यांचा विकत घेतलेला लवाद' असं फॉरवर्ड करण्याआधी हे ध्यानात घ्यावं: त्यांच्यापुढे भारताने वकील उभे केले, आपला सदस्य नेमला, बाजू मांडली आणि क्षेत्र सोडलं.